चाळीस वर्षांची माणसे

मित्रांनो, मला हातात घ्यायला कुणी फारसे राजी नसते. पेणच्या खाडीकाठी डोंगरखार नावाचे गाव आहे. त्या गावात कोण कधी वारले हे जिच्यात लिहीत, ती मी जुनी वही. पुण्याच्या सरकारी छापखान्यात मी तयार झाले. जाड पुठ्ठा, पाठीला लाल कापड आणि पानापानावर रकाने: तारीख, नाव, बाई की पुरुष, वय, मरणाचे कारण. १९२० सालच्या आरंभी मी होडीतून गावी आले आणि पोलीस पाटील भागोजी यांच्या पेटीत राहू लागले.

भागोजी सरळ मनाचे गृहस्थ. अक्षर टपोरे. कुणाकडे मयत झाले की तिसऱ्या दिवशी मला काखेत धरून ते त्या घरी जात आणि अंगणात उभ्याउभ्याच माहिती विचारून घेत. नाव मिळे, तारीख मिळे. वयापाशी मात्र घोडे अडे.

"किती वर्षांचा होता?"

"आता काय सांगू पाटील? जाणता बाप्या होता."

गावात वय कुणालाच ठाऊक नसे. मग भागोजी कपाळाला आठ्या घालून स्वतःच ठरवीत. नुकते लग्न झालेले असेल तर पंचवीस. केस पांढरे असतील तर साठ. मधल्या सगळ्यांना चाळीस. कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असे: ताप. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्यावर शेरा मारला, 'वही स्वच्छ व नीटनेटकी.' त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला! आत लिहिलेले खरे आहे का, हे त्यांनी विचारले नाही. मलाही तेव्हा ते सुचले नाही.

अशी चौदा वर्षे गेली. १९३४ सालच्या माघात भागोजी चावडीवर बसून माझी पाने चाळत होते. एकाएकी ते मोठ्याने म्हणाले, "अरे, आपल्या गावात माणूस चाळीसला लागला की जातोच की!" तो आकडा आपणच घातलेला आहे, हे बिचारे विसरूनच गेले होते.

ते वाक्य संध्याकाळपर्यंत मिठागरांच्या बांधावरून घरोघर पोचले. जो तो त्यात आपले काही मिसळू लागला. कुणी म्हणे, नवी मिठागरे झाली तेव्हापासून मरणे वाढली. कुणी म्हणे, कामाला आलेली नवी घरे हे घेऊन आली, त्यांना हाकलून द्या. धडधाकट माणसे एकमेकांचे वय विचारू लागली आणि उत्तर मिळाले नाही की जास्तच घाबरू लागली.

सर्वांत जास्त घाबरला तो दिनानाथ. हा मिठागरावर मीठ ओढायचा. अंगाने दणकट, स्वभावाने अबोल. शिमग्याला आपल्याला चाळिसावे लागणार, असा त्याने कशावरून तरी हिशेब केला होता. त्याची थोरली मुलगी जनी बारा वर्षांची, चौथीत शिकत होती. त्याने तिला शाळेतून काढले आणि पालीकडच्या एका घरी तिचे लग्न ठरवून टाकले. शाळेचे हरेश्वर गुरुजी त्याला समजवायला चावडीवर आले.

"दिनानाथ, चौदाच्या आत मुलीचं लग्न करायला कायद्यानं बंदी आहे."

"कायदा माझ्या मागं तिला जेवायला घालणार हाय का, गुरुजी?" दिनानाथ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. 

काशीबाय तेव्हा तिथेच दारात बसली होती. ती गावची सुईण. साठीची, विधवा, आणि चौकस इतकी की शेजारच्या घरात भांडे पडले तर ते कसे पडले हे विचारून येई. अर्ध्या गावाची नाळ तिनेच कापली होती. ती आत आली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली,

"पाटील, त्या नामाला किती लिवलंस रं?"

भागोजींनी पान काढले. "सन एकोणतीस. वय चाळीस."

"आन् त्याच्या आयेला?"

त्यांनी मागची पाने उलटली. "सन बावीस. वय..." ते थांबले. "चाळीस."

गुरुजींनी बोटांवर मोजले. "म्हणजे आई लेकापेक्षा सात वर्षांनी मोठी!"

चावडीत हसू फुटले. दिनानाथ हसला नाही, पण निघाला होता तो थांबला. आणि मी? मला लाज वाटली. माझ्या स्वच्छ, नीटनेटक्या पानांवर हे इतकी वर्षे असेच पडून होते.

"समद्यांची वयं मला सांगता येतील," काशीबाय म्हणाली. "आकडा न्हाय येत. पण कोण कुणाच्या आधी, आन् कुठल्या साली काय झालं, ते येतं."

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की गुरुजी आणि ती मला पुढ्यात घेऊन बसू लागली. गुरुजी एकेक नाव वाचत. काशीबाय डोळे मिटून सांगे: हा खाडीवरचा खारबांध फुटला त्या पावसातला. ही तिच्या बहिणीच्या पाठची. हा मुंबईत प्लेग आला तेव्हा दुडदुडू चालत होता. गुरुजी त्यावरून साल काढीत. 'चाळीस' आणि 'साठ' लिहिलेले प्रत्येक नाव त्यांनी असे तपासले. मला नवल वाटत होते. माझ्यातली कोरडी नावे तिच्या तोंडी आली की चालू-बोलू लागत. आठ दिवसांनी कळले की ऐन चाळिसाव्या वर्षी गेलेली माणसे अवघी चार होती.

मग गुरुजींनी पस्तीस ते पन्नास वयाच्या मयतांचे दोन भाग केले. पहिली सात वर्षे, आणि नवी मिठागरे झाली तेव्हापासूनची सात वर्षे. पहिल्या भागात अठरा, दुसऱ्यात वीस.

"वाढले तर खरे," गुरुजी हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला.

"थांबा की," काशीबाय म्हणाली. "मेली ती मोजली. जगत होती ती कुठं मोजली? तवा या वयाची माणसं तरी किती होती गावात?"

गुरुजींनी कोरा कागद पुढे ओढला. पुन्हा चार दिवस गेले. घरामागून घर आठवून, तेव्हा त्यात कोण कोण होते हे तिने सांगितले. मग तिने सारा गाव चावडीवर बोलावला. जमिनीवर जित्या माणसांचे चिंचोके मांडले आणि मेलेल्यांचे शिंपले. पहिल्या सात वर्षांत नव्वद चिंचोक्यांना अठरा शिंपले. नंतर नवी घरे आली, म्हणून दीडशे चिंचोक्यांना वीस.

"म्हणजे तेव्हा शंभरातले वीस जात होते, आता तेरा," गुरुजींनी सांगितले. "आठवणीतली मोजणी आहे, एखाददुसरा इकडेतिकडे होईल. पण या वयाचं मरण वाढलेलं नाही, उतरलं आहे."

नव्या घरांतली माणसे मागे भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे येऊन बसली. त्यांना हाकला म्हणणाऱ्यांनीच सरकून जागा करून दिली.

"आन् दिनानाथा," काशीबाय म्हणाली, "मुंबईत प्लेग आला त्या साली माझ्या दारच्या चिंचा कोण चोरत होतं?"

दिनानाथ चाचरला. "मीच की."

"झाडावर चढत होतास. म्हंजे पाच वर्षांचा तरी होतास. गुरुजी, प्लेगला किती झाली?"

"अडतीस."

दिनानाथचे ओठ हलले. त्याने बेरीज केली, पुन्हा केली. "त्रेचाळीस?"

"चाळिशी तुझी कधीच सरली, बाबा! मीठ ओढता ओढता सरली, तुला कळलंबी न्हाय."

दिनानाथ दोन्ही हातांनी तोंड झाकून हसू लागला. ते हसणे होते की रडणे, हे मला सांगता येणार नाही. त्याच आठवड्यात त्याने पालीला निरोप धाडून लग्न मोडले. जनी पुन्हा शाळेत गेली.

पण काशीबायचे समाधान झाले नव्हते. लोक गेल्यावरही ती चिंचोके आणि शिंपले निवडत बसली. बायांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे. मग तिने गुरुजींना हाक मारली. पुरुषांचे मरण निम्म्यावर आले होते, शंभरात वीसवरून दहावर. बायांचे जेमतेम उतरले होते, वीसवरून सतरावर.

"बायांचं का उतरलं न्हाय?" ती म्हणाली. "पाटील, या मागल्या सात वर्षांत गेल्या त्या बारा जणींच्या नावापुढं काय लिवलंस?"

"ताप," भागोजी म्हणाले.

"ताप न्हाय. ही आठव्या बाळंतपणात गेली. हीपण. हीपण." तिचे बोट माझ्या पानावर पाच ठिकाणी थांबले. "मी होते तिथं. लाजेनं घरच्यांनी तुला ताप सांगितला, आन् तू लिवलास."

भागोजींचा चेहरा पडला. "सरकारी वहीत खाडाखोड केली तर माझी पाटीलकी जाईल, काशीबाय."

"मग तू खोडू नको. पण इथून पुढं मला विचारल्याबिगर लिवू नको."

भागोजींनी मान डोलावली. गुरुजींनी खरी वये आणि खरी कारणे वेगळ्या कागदांवर लिहून माझ्या पोटात ठेवली. पुढे जिथे मयत होई तिथे भागोजींच्या बरोबर काशीबायही जाऊ लागली.

पुढच्या वर्षी दिनानाथची बायको कमळ हिला दिवस राहिले. वय एकोणचाळीस, आठवी खेप. नवव्या महिन्यात काशीबाय त्यांच्या दारी जाऊन उभी राहिली.

"हिला पेणच्या दवाखान्यात ने," ती दिनानाथला म्हणाली.

"तू असताना?" कमळने विचारले. तिला परक्या ठिकाणी जायची भीती वाटत होती.

"मी होते त्या पाचजणींच्या उशाशी, कमळ," काशीबाय म्हणाली. "म्हणून सांगते. मी येते तुझ्यासंगं."

भरतीच्या पाण्यावर होडी निघाली. भागोजींनी मला पेटीतून काढून पुढ्यात ठेवले होते; का, ते त्यांनाच माहीत. दोन दिवस काही निरोप नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी काशीबाय चावडीच्या पायऱ्या चढून आली. फार रक्त गेले होते, पण डॉक्टर जवळ होता. कमळ वाचली, मुलगी झाली.

"पाटील," ती दम खात म्हणाली, "ही वही मिट. जन्माची काढ."

मित्रांनो, सगळी पाने भरली तेव्हा मला फडताळात टाकले गेले. गुरुजींची बदली झाली. माझ्या पोटातले त्यांचे कागद कसरीने खाल्ले, आणि शिल्लक राहिले ते भागोजींचे टपोरे 'चाळीस'. आता कुणी मला उघडले तर तोच आकडा खरा मानील, याचे मला वाईट वाटते. म्हणून तुम्हाला एवढेच मागणे आहे. मी माणूस गेल्यावर दारात येऊन त्याचे वय विचारीत असे. तुम्ही ते आजच विचारून लिहून ठेवा. आणि घरातल्या बाईला काय दुखते, हेही ती सांगू शकते तोवर विचारा.