ज्यूलीचा बाप

“हे ऐकून तुमचा विश्वास बसणार नाही,” म्हातारा फर्डी, अख्ख्या गावाचा ‘मास फर्डी’, म्हणाला, “गेल्या चाळीस वर्षांत कुणाचाच बसलेला नाही.” इतकं बोलूनच त्याला धाप लागली आणि तो बाकावर टेकला.

समोर कंपनीच्या डेल्फीनबाई मांडीवर कागद घेऊन बसल्या होत्या. परवाना मिळालेली ही कंपनी बेटावरच्या वेस्टमोरलँड परगण्यातल्या डोंगरातला जुना गांजा जुन्या नावानंच विकणार होती. बाईंनी नियम सकाळीच सांगून टाकला होता. वाण ज्यानं तयार केलं त्याचं नाव आणि त्याचीच सही हवी. तसा माणूस नसेल तर उतारावरची ज्यूली उपटायची आणि कंपनी देईल ती परदेशी रोपं लावायची.

ज्यूली म्हणजे फर्डीच्या डोक्याच्या दुप्पट उंच, सडपातळ, बोटांसारख्या बारीक पानांचं झाड. फुलायला चौदा आठवडे घेई. शेजाऱ्यांचं पीक विकून संपलं तरी हिचा नट्टापट्टा चालूच. पण फूल चुरगळलं की पिकल्या ज्यूली आंब्याचा वास यायचा, मागून अननसाचा. दोन झुरक्यांत सुस्तावलेला माणूस उठून कुंपण दुरुस्त करायला लागे. फर्डीला मात्र हल्ली ती ओढूनही उठावंसं वाटत नव्हतं. बायको पर्लीन गेल्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून उतार चढताना तो तीनदा बसायचा.

वाण पर्लीनचं होतं. सगळा गाव नर झाड दिसलं की उपटतो, नाहीतर मादीच्या फुलात बी धरतं आणि माल वाया जातो. पर्लीन आधी प्रत्येक नराचा देठ अंगठ्यानं घासून हुंगायची. आंब्याचा वास आला तर ते झाड ओढ्यापलीकडे नेऊन लावायची आणि तिथे एखाद्या चांगल्या मादीत त्याच्यापासून पुढच्या वर्षाचं बी धरायची. सव्वीस वर्षं हेच. फर्डीनं पाणी वाहिलं आणि तिची चेष्टा केली. आता सही करायला तीच नव्हती. म्हणून तो खोटं बोलायला बसला होता.

“मोठं वादळ झालं त्या वर्षी,” तो म्हणाला, “माझा बोकड उडाला. थेट आंब्याच्या शेंड्यावर जाऊन बसला. नऊ दिवस खाली येईना. ज्यूली आंबे खायचा, रस दाढीवरून गळायचा. वादळानं कुठूनसं एक बी आणून त्याच दाढीत रोवलं.”

“दाढीत उगवलं?” बाईंनी लिहिता लिहिता विचारलं.

“वीतभर. मी शिडी लावून चढलो, दाढी कापली आणि मातीत लावली. बोकड वर्षभर माझ्याशी बोलला नाही.”

बाई हसल्या. “आणि नर कोणता होता, मास फर्डी? वाणाचा बाप लिहावा लागतो.”

“बाप त्या बोकडालाच म्हणा. आडनाव माझं लावा.”

“बोकडाचं राहू द्या. तयार करणारे तुम्ही, बरोबर? मग इथे सही करा.”

फर्डीनं पेन घेतलं. एवढी सही झाली की झाडं राहतील. पुढचं पाणी कोण वाहील ते पुढे बघू.

पायरीवर पर्लीनची बहीण इसिल्डा वाटाणे सोलत बसली होती.

“बाई, त्याच्या हातातलं पेन घ्या आधी,” ती मान वर न करता म्हणाली.

“इसिल्डा, तू गप्प बस.”

“बोकड माझा होता, फर्डी. तो कधी उंबरठ्यावरसुद्धा चढला नाही. आणि वादळाच्या वर्षी तू कॅनडात सफरचंदं तोडत होतास. छप्पर उडालं तेव्हा मी आणि पर्लीन टेबलाखाली होतो, बी तिच्या पोलक्यात बांधलेलं. तू परत आलास तेव्हा झाड कमरेएवढं झालं होतं, आणि तू विचारलंस, हे तण कुणी लावलं.” तिनं सोललेले वाटाणे भांड्यात टाकले. “सही हवी असेल तर परसात ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली जा, बाई. ज्यूली जिनं केली ती तिथे पुरलीय.”