दोन वाजताचा फोटो

साहेबांनी रजिस्टरचं पान उलटलं, अंगठ्याला थुंकी लावून आणखी चार उलटली आणि वही ताईंसमोर धरली.

"मंगळवारी तीन. बुधवारी पाच. गुरुवारी तर एकच. ताई, हा काय प्रकार आहे?"

ताईंनी वहीकडे पाहिलंच नाही. त्या साहेबांच्या पाठीमागे बघत होत्या. वाचनालयाच्या त्या जुन्या हॉलमध्ये, तीन कूलरच्या समोर, चटयांवर निदान तीस माणसं आडवी झाली होती. गवंडी होते, पार्सलं पोचवणारे होते. कचरा वेचणाऱ्या दोघी जावा शेजारीशेजारी बिनघोर घोरत होत्या.

"माणसं तर समोरच आहेत," ताई म्हणाल्या.

"समोरची माणसं फाइलला लावता येत नाहीत हो. सह्या लागतात."

घोडं अडलं होतं ते तिथेच. गारव्याच्या खोलीत येणाऱ्याने दारातल्या रजिस्टरमध्ये सही करायची, असा नियम होता. पण दुपारी एकच्या उन्हातून माणूस लालबुंद होऊन दारात आला की ताई म्हणायच्या, "आधी बसा. पाणी प्या. सही काय, जाताना करा." माणूस बसायचा, पाणी प्यायचा आणि तिथेच कलंडायचा. जाग आली की घड्याळ बघून कामावर पळायचा. दोन उन्हाळे हे असंच चाललं होतं. वही घेऊन ताई कुणाच्या मागे धावल्या नाहीत. खरं सांगायचं तर ती वही कुणी वाचेल, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

नगरपालिकेत आधी सत्तेवर असलेल्या मंडळींनी ती कधी वाचलीही नव्हती. खोली त्यांनीच थाटामाटात उघडली होती, बाहेर 'बदलत्या हवामानाशी लढा' असा हातभर फलक लावला होता. मग निवडणूक झाली, वारं फिरलं. नव्या मंडळींनी पहिल्याच आठवड्यात फलक उतरवला आणि नगरपालिकेतल्या हवामान कक्षाच्या दारावर 'इतर कामे' अशी पाटी आली. साहेब मात्र तेच राहिले. उद्घाटनाला कात्रीचं तबक धरून हेच उभे होते, आणि आज खोली बंद करायचा कागदही हेच घेऊन आले होते. ताईंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना हल्ली कशाचंच काही वाटत नसे.

खोली उघडली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, एका दुपारी, त्यांची आई पत्र्याखालच्या खोलीत झोपली होती. ताईंनी दोनदा डोकावून पाहिलं. छान झोप लागलीय, कशाला उठवा, म्हणून त्या परत फिरल्या. संध्याकाळी चहा घेऊन गेल्या तेव्हा आई कधीचीच गेलेली होती. त्या आठवड्यात गावात अशी अकरा माणसं गेली आणि त्यावरून ओरड झाली म्हणूनच ही खोली निघाली. ताईंनी अर्ज करून हे काम मागून घेतलं. रडल्या मात्र नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. फक्त दर पंधरा मिनिटांनी त्या चटयांमधून फिरत. प्रत्येकापाशी वाकत, छाती हलतेय ना ते बघत आणि पुढे जात. ती हलत असली की त्या माणसाला जगातल्या कशासाठीही उठवायचं नाही, एवढं त्यांचं ठरलेलं होतं.

"मग 'प्रतिसादाअभावी बंद' असं लिहितो," साहेब म्हणाले. "तुम्हाला दाखल्यांच्या खिडकीवर घेतील. तिथे एसी आहे. तुमचं भलंच होतंय, ताई." त्यांनी रुमालाने मान पुसली. "जरा पाणी मिळेल?"

"आधी बसा," ताई म्हणाल्या.

साहेब कूलरसमोरच्या खुर्चीत बसले. तांब्याभर पाणी प्यायले, मांडीवर कागद घेतला, 'प्रतिसादा' इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं. मान आधी डावीकडे गेली, मग छातीवर टेकली. पुढच्या फेरीत ताई त्यांच्यापाशीही वाकल्या. शर्टाच्या खिशातून डोकावणारी किल्ली श्वासाबरोबर वरखाली होत होती. त्या पुढे गेल्या.

चाळीस मिनिटांनी साहेब दचकून उठले.

"अरे बापरे, मीटिंग! उठवायचं नाही का मला?"

"छान झोप लागली होती तुम्हाला."

साहेबांनी ओठाची कड पुसली, कागद गोळा केले. दाराशी गेल्यावर मात्र थबकले. ओशाळले असावेत.

"हे बघा, हा कागद पंधरा दिवस मी दाबून धरतो. पण सह्या दारातच घ्यायच्या. आणि रोज दोन वाजता मला फोटो पाठवायचा. सगळे उभे, जागे, चेहरे स्वच्छ दिसले पाहिजेत. झोपलेल्यांचा फोटो वर दाखवला तर म्हणतील, लोळायला येणाऱ्यांसाठी वीज जाळताय. सांभाळा म्हणजे झालं."

ते गेले. खोलीत येऊन झोपले, पण वहीत त्यांचीही सही नव्हती. ताईंनी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबल दारात आडवं लावलं. सहीशिवाय कुणाला आत सोडलं नाही. गवंड्यांनी कुरकुर न करता सह्या ठोकल्या. फोटोचं ऐकल्यावर थोरली जाऊ मात्र अडून बसली.

"फोटो कुणाकडे जायचा? आम्ही आधीच्या मंडळींची माणसं म्हणून आमचंच नाव लागायचं. आधीच वेचायच्या जागा वाटताना पाण्यात बघतात आम्हाला."

"खोली राहावी म्हणून काढायचाय, मावशी."

"मग काढा बाई. पण मी डावीकडून बरी दिसते, सांगून ठेवते."

धाकटी हसली. ताईंनीही हसायला हवं होतं, पण ते त्यांना जरा उशिरा सुचलं.

दोनला पाच कमी असताना त्या उठल्या आणि दारापासून सुरुवात केली.

"उठा. फोटो काढायचाय."

पहिला गवंडी झोपेतच ओरडला, "काय पडलं?"

"काही नाही पडलं. उठा."

एकेकाला हलवत त्या टोकाला पोचल्या. शेवटच्या चटईवर काका होते. रात्रपाळीचे पहारेकरी. यांचीही खोली पत्र्याचीच. काळजाचं दुखणं होतं आणि दिवसा गारव्यात झोप हवीच, असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं. काका कुशीवर होते, हात गालाखाली. छाती संथ हलत होती. ताई वाकल्या आणि तशाच राहिल्या. हात पुढे जाईना. 

"काका," त्या म्हणाल्या. "उठा काका."

चौतीस माणसं भिंतीला लागून उभी राहिली. डोळे सुजलेले, गालांवर चटयांचे वळ. थोरली जाऊ डावा गाल पुढे करून उभी होती. फोटो निघाला आणि गेला.

मग गवंड्याने घड्याळ पाहिलं. "आता कसली झोप? कामावरच जातो, तेवढंच लवकर सुटेन." त्याच्यामागे बाकीचे गवंडी निघाले. पार्सलवाल्यांचे फोन वाजू लागले होते, तेही गेले. जावांनी पोती उचलली. अडीचला एकटे काका चटईवर गुडघे जवळ घेऊन बसले होते.

"पडा की परत, काका."

"एकदा मोडली की येत नाही हो मला. घरी जाऊन बघतो."

"घरी पत्रा तापला असेल."

"असेलच की," काका म्हणाले. त्यांनी चपला शोधल्या, दारातल्या उजेडापुढे डोळे बारीक केले आणि गेले.

फोन वाजला. साहेब खुशीत होते.

"चौतीस! ताई, एका दिवसात चौतीस! कमाल केलीत. रोज हे असंच चालू द्या, मग खोलीला कोण हात लावतो ते बघतो मी."

"हो," ताई म्हणाल्या.

फोन ठेवून त्या फेरीला उठल्या आणि पहिल्या चटईपाशी वाकल्या. मग सरळ झाल्या. रिकाम्या खोलीत वीज कशाला जाळायची, म्हणून त्यांनी एकेक करून तिन्ही कूलर बंद केले.