फळ्या फुगेपर्यंत

दादा गेल्यानंतर दोन महिन्यांनी वहिनीचा फोन आला. अकरा वर्षांतला पहिला. मागच्या शेडमध्ये होडी पालथी पडून आहे, म्हणाली. मी महिनाअखेरीस लेकीकडे राहायला जातेय, घर घेणारे होडीचं जळण करतील. मग म्हणाली, बघायची असली तर बघा. दादाच्या अंत्यविधीला मी सगळ्यांच्या मागे उभा राहून गुपचूप परत आलो होतो, हे तिनं पाहिलं असणारच. पण त्याबद्दल ती अवाक्षरही बोलली नाही.

मी सुतार आहे. कपाटं, टेबलं, दारं. माझ्या कपाटाच्या सांध्यात ब्लेडचं पातं शिरत नाही आणि हे मी लोकांना न विचारताही सांगतो. दादा पोस्टात कारकून होता, पण पन्नाशीत त्याला होडीचं खूळ लागलं. नदीकाठच्या एका होडीवाल्याकडे जाऊन तो ते काम शिकला आणि दोन वर्षं खपून त्यानं एक शिडाची होडी बांधली. बसायच्या फळ्या आणि सुकाणूचा दांडा मी करून दिला. होडी दोघांची. एकानं सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं समोरच्या बाजूला बसून शीड सांभाळायचं. शीड तुझ्याकडे, असं त्यानं मला न विचारता ठरवून टाकलं होतं.

पाण्यात घालायच्या दिवशी काठावर ही गर्दी. आम्ही दोघं चढलो आणि प्रत्येक सांध्यातून पाणी आत यायला लागलं. माझे घोटे बुडाले. दादा एका पत्र्याच्या डब्यानं पाणी उपसत हसत होता. थांब जरा, मिटेल आपोआप, म्हणत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सुताराच्या भावाची होडी, आणि ती अशी गळतेय. ही होडी नाही, चाळण आहे, माझा हात लागलाय असं कुठे सांगू नकोस, असं सगळ्यांदेखत सुनावून मी उतरलो.

चौथ्या दिवशी तो माझ्या कारखान्याच्या दाराशी आला. काचेतून मला दिसला. माफी मागायला लावणार, नाहीतर भांडणार, असं मी धरून चाललो. रंध्याचं मशीन चालू केलं आणि त्यात लाकूड न घालता ते तसंच फिरत ठेवलं. त्यानं दोनदा दार वाजवलं, थोडा वेळ थांबला आणि गेला. पुढे ना तो वाकला, ना मी. हट्टीपणात आम्ही एका आईची लेकरं शोभत होतो.

बायको गेल्यापासून मी एकटाच. घरात माझ्याशिवाय आवाज करतं ते भिंतीवरचं घड्याळ, आणि तेही मागे पडतं. माफी मागायला आता माणूसच उरला नव्हता. निदान त्याची होडी अशी करीन की आत थेंब येणार नाही, एवढंच मनाशी ठरवून मी हत्यारांची पेटी घेऊन वहिनीच्या शेडमध्ये गेलो.

होडीची दशा वाईट होती. रंगाचे पोपडे सुटलेले, तीन फळ्या कुजलेल्या. बाकीच्या फळ्या वाळून अशा आक्रसल्या होत्या की सांध्यांत नाणं उभं राहील. कुजक्या फळ्या काढून मी नव्या बसवल्या. सांध्यांतला जुना कापूस उकरून फेकला, आत लाकडाच्या बारीक पट्ट्या ठोकल्या आणि वर दगडासारखी घट्ट होणारी लांबी भरली. मग पॉलिश पेपर. वहिनी दुपारी चहाचा कप कामाच्या टेबलावर ठेवून जायची. मी कप विसळून पायरीवर ठेवायचो. तेवढंच आमचं बोलणं. दोन आठवड्यांनी होडी अशी झाली की तिच्यात कपडे ठेवावेत.

मग वहिनीच्या निरोपावरून दादाचा तो होडीवाला आला. वय ऐंशीच्या पुढे, काठी टेकत. त्यानं सगळ्या सांध्यांवरून अंगठा फिरवला.

"काम सुरेख आहे," तो म्हणाला. "कपाट म्हणून."

मी काही बोलायच्या आत त्यानं मला खाली बसवलं आणि समजावलं. कोरडी होडी पाण्यात घातली की फळ्या फुगतात. फुगायला जागाच ठेवली नाही, तर त्या एकमेकींना रेटतात आणि आतल्या बरगड्या मोडतात. म्हणून सांध्यात नरम कापूस भरायचा आणि होडीला दोन-तीन दिवस गळू द्यायचं. सांधा मग लाकूडच मिटवतं.

"म्हणजे त्या दिवशी," मी विचारलं.

"त्या दिवशी तुझ्या भावाची होडी अगदी बरोबर गळत होती."

तो गेला. चाळीस वर्षं लाकडात काढली आणि ज्याच्या कामाला चारचौघांत नावं ठेवली, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. लाज वाटली, दुसरा शब्द नाही. मग पटाशी घेतली आणि मीच भरलेलं सगळं काढायला बसलो. भरायला चार दिवस लागले होते, काढायला नऊ. बोटांची सालटी निघाली. कापसाच्या लांब वाती तेलात भिजवून हलक्या हातानं भरल्या. हात हलका ठेवणं हेच सगळ्यांत जड गेलं.

महिना संपायला चार दिवस असताना होडी टेम्पोनं नदीवर नेली आणि धक्क्याला बांधली. पाणी आत आलं, तसंच, सगळीकडून. दादाचा तो पत्र्याचा डबा शेडमध्ये पालथ्या होडीखालीच सापडला होता. त्यानंच उपसत बसलो. या खेपेला काठावर कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी हात मोडून आले. दुसऱ्या दिवशी दोन डब्यांच्या मध्ये चहा पिण्याइतकी उसंत मिळायला लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी डबा तळाला घासला आणि कोरडाच वर आला. मी तळावरून हात फिरवला, ब्लेडचं पातं काढून एका सांध्यात घालून पाहिलं. शिरलं नाही. मला रडू आलं. कुणाला तरी सांगावंसं वाटलं आणि सांगायला एकच माणूस होतं. होडीतूनच फोन लावला.

"वहिनी, पाणी थांबलं."

ती सामान बांधत होती. मागे चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"तेव्हाही तिसऱ्या दिवशीच थांबलं होतं, भाऊजी," ती म्हणाली. "चौथ्या दिवशी हे तुमच्याकडे आले होते ना."

"भांडायला."

"भांडायला कशाला? तुम्हाला न्यायला. मला डबा भरायला लावला होता, दोघांचा. परत आले आणि म्हणाले, तो कामात आहे, मशीन चालू होतं." चिकटपट्टी पुन्हा ओढल्याचा आवाज आला. "संध्याकाळी होडी आणून शेडमध्ये पालथी घातली. पुन्हा काही काढली नाही."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

वारा चांगला होता. शीड गुंडाळलेलंच राहू दिलं. मी शिडाच्या बाजूला, माझ्या जागेवर जाऊन बसलो. होडी माझ्याकडे कलली आणि समोरची सुकाणूची बाजू वर उचलली गेली. मधोमध सरकलो असतो तर ती सरळ झाली असती. मी सरकलो नाही. उन्हं उतरेपर्यंत तिथंच बसून राहिलो.