पेन्सिलीने लिहिलेला भाव

बाबांची एकच इच्छा उरली होती: थोरल्या बहिणीने, त्यांच्या ताईने, एकदा येऊन जावं. आणि आत्याची एकच अट होती: त्या दिवसाचा सरकारी भाव कागदावर दाखवा, मग येते.

हा भाव दोन रुपयांच्या अदलाबदलीचा होता, इकडच्या आणि सीमेपलीकडच्या. नाव एकच, किंमत वेगळी. बाबांचं सीमेजवळ पैसे बदलून देण्याचं दुकान होतं. बाहेरच्या फळ्यावर ते खडूने लिहीत, इकडच्या शंभराला तिकडचे किती. सव्वीस वर्षांपूर्वी आत्याने पलीकडचं घर विकलं आणि तिकडचे दोन लाख नव्वद हजार बाबांच्या हातात दिले. फळ्यावर एकशे पंचेचाळीस होते. बाबांनी इकडचे दोन लाख मोजून दिले. संध्याकाळी शेजारणीने आत्याला सांगितलं की इकडचा रुपया घसरलाय, बाजूच्या दुकानात सकाळपासूनच एकशे पंचवीसचा भाव चालू होता. त्या भावाने बत्तीस हजार जास्त आले असते. आत्याने बाबांचं तोंड पाहणं सोडलं. बाबा मात्र सव्वीस वर्षं एकच वाक्य बोलत आले, त्या दिवशी भाव एकशे पंचेचाळीसच होता. त्यांच्या मुलीचाही त्यावर विश्वास होता.

योगायोग असा की मुलगी बँकेच्या आकडेवारी विभागात होती आणि याच दोन रुपयांचे जुने भाव तपासून सलग तक्ता करण्याचं काम तिच्याकडे होतं. डॉक्टरांनी आता दिवसच मोजायचे असं सांगितलं, तेव्हा तिने छापील तक्ता काढला. त्या तारखेसमोर स्वच्छ १४५ होते. साहेबांनी उताऱ्यावर शिक्का मारून दिला आणि तिला हायसं वाटलं.

पण छापील आकडा मूळ नोंदवहीशी ताडून पाहायचा, ही तिची सवय होती. तिने तळघरातून वही मागवली. त्या काळचे कारकून कामाच्या दिवसाचा भाव शाईने लिहीत. कचेरी बंद असली तर रकाना रिकामा राहू नये म्हणून आदल्या दिवसाचाच आकडा पेन्सिलीने उतरवत. पुढे तक्ता टाइप झाला, तेव्हा शाई आणि पेन्सिल एकाच रंगाची झाली. त्या तारखेचे १४५ पेन्सिलीत होते. दुसऱ्या दिवशी शाईत १२५, आणि शेजारी बारीक अक्षरात शेरा, 'काल सकाळी नऊपासून लागू'.

तिने तो रकाना तीनदा वाचला. मग पानाची प्रत काढून पर्समध्ये ठेवली, शिक्क्याच्या उताऱ्याला लागूनच.

घरी बाबा उशांना टेकून बसले होते. "सापडलं का?" त्यांनी विचारलं. 'सापडलं' एवढंच म्हणून गप्प बसता आलं असतं. शिक्क्याचा कागद आत्याला पुरला असता. पेन्सिलीचं कोण तिला सांगायला जाणार होतं? पण तिने बाबांना वहीत काय होतं ते सगळं सांगितलं.

बोलताना बाबांना धाप लागत होती.

"रेडिओवर नऊलाच सांगितलं होतं. दुकान उघडलं, फळा पुसायला फडकं घेतलं, तेवढ्यात ताई समोर. फडकं खाली ठेवलं. बस, एवढंच झालं."

"आणि ते पैसे?"

"संपले. कशात गेले तेही आठवत नाही."

दुसऱ्या दिवशी ती आत्याकडे गेली. आत्या दारातच म्हणाली, "या, बँकेच्या बाई. वकीलपत्र आणलंय वाटतं बापाचं?" मग तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि चष्मा शोधायला गेली. चष्मा आत्याच्या डोक्यावरच होता, पण भाचीला तो दाखवून द्यायचं धाडस झालं नाही.

तिने दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि कोणता खोटा आणि का, ते समजावलं. आत्याच्या हाताला डोक्यावरचा चष्मा लागला; तो डोळ्यांवर ओढून तिने शेऱ्यावर बोट ठेवलं आणि पुटपुटत वाचला.

"म्हणजे मी खरी होते."

"हो."

"सगळं गाव मला लोभी म्हणालं. माझा नवरासुद्धा म्हणाला. तेच मनात ठेवून गेला बिचारा." तिने कागदाची घडी घातली, परत उलगडली. "हे त्याने कबूल केलं, की तू शोधलंस?"

हाच प्रश्न येणार हे भाचीला ठाऊक होतं. बाबांनीच बोलावून सांगितलं, एवढं म्हटलं असतं तर म्हातारी लगेच उठली असती.

"आधी मी शोधलं. मग त्यांनी सांगितलं. मी शोधलं नसतं तर सांगितलं असतं का, ते मला माहीत नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी टेम्पो चालू करायचा प्रयत्न करत होतं. तो चालू होऊन निघून गेला, तोवर आत्याने दोन्ही कागद एकावर एक नीट लावले.

"शिक्क्याचा कागद तेवढा घेऊन आली असतीस," आत्या शेवटी म्हणाली, "तर आले असते मी. अट माझीच होती. पण खोटी ठरून आले असते, आणि त्याच्या उशाशी बसून त्याचीच माफी मागितली असती."

ती उठली. गॅस बंद आहे का पाहिलं, खिडक्या लावल्या, कुलूप हातात घेतलं.

"एक ऐकून ठेव. मी त्याला माफ केलं, असं तू त्याला सांगायचं नाहीस. केलेलं नाही. मी आले, एवढंच."

"बरं, आत्या."

बस स्टॉपवर ऊन होतं. आत्या पदर डोक्यावर घेऊन उभी होती. तिने दोन बस जाऊ दिल्या. दोन्ही त्याच रस्त्याच्या होत्या. भाचीनेही घाई केली नाही.

"कोणत्या कुशीवर झोपतो?" आत्याने एकाएकी विचारलं.

"उजव्या. डावीकडे वळलं की धाप लागते."

"लहानपणी डाव्याच कुशीवर झोपायचा. माझ्याकडे तोंड करून," आत्या म्हणाली, आणि तिसऱ्या बसला हात करायला पुढे झाली.