कडक इस्त्री

"कडक इस्त्री आली का रे?" बाईसाहेबांनी खाटेवरून विचारलं, आणि मऊ भाताचा वाडगा घेऊन आलेल्या खानसाम्याने दाराकडे पाहिलं. जनरलसाहेब दारातच उभे होते.

अख्ख्या पलटणीला हे नाव ठाऊक होतं. साहेब घरातही गळ्याचं बटण लावून जेवायला बसत, लग्नाच्या बायकोशीही अहो-जाहो करत. पाठीमागे जवान म्हणत, "सरळ उभे राहा, कडक इस्त्री येतेय." खानसाम्याने ते नाव स्वयंपाकघरात आणलं, तेव्हा बाईसाहेब पोट धरधरून हसल्या होत्या. बाहेर बूट वाजले की दोघं चिडीचूप. साहेबांच्या कानावर मात्र ते उभ्या नोकरीत गेलं नव्हतं.

आता बाईसाहेबांची आठवण विरत चालली होती. नवरा समोर असला तरी ओळखू येईना. ही थट्टा तेवढी टिकली होती.

"कोणाला विचारताहेत त्या?" साहेब म्हणाले.

खानसाम्याने वाडगा खाली ठेवला. "साहेब, ते... तुम्हालाच म्हणायचे सगळे. चुकलं."

साहेब खाटेजवळ गेले, टाचा जुळवल्या. "कडक इस्त्री हजर आहे."

बाईसाहेब खुदकन हसल्या. साहेबांच्या हातून चार घास जेवल्याही.

मग साहेब रोज अशीच हजेरी देऊ लागले. "गमतीदार आहे हं हा माणूस," त्या खानसाम्याच्या कानात सांगत. "आमच्या ह्यांना सांगू नकोस, रागावतील." साहेब ते ऐकत आणि पुढचा घास भरवत.

एका सकाळी त्या हसल्या नाहीत. साहेबांनी पुन्हा हजेरी दिली, मोठ्याने. मग वाकून, जन्मात पहिल्यांदाच म्हणाले, "अगं... ऐक ना."

"साहेब," खानसामा हळूच म्हणाला, "गेल्या त्या."

अंत्यविधीला मोठमोठे अधिकारी आले. साहेबांनी एकेकाचे आभार मानले. "डोळ्यांत टिपूस नाही," कोणीतरी कुजबुजलं. "उगाच नाही ते नाव पडलं."

सगळे पांगल्यावर साहेब स्वयंपाकघरात आले. खानसामा ताडकन उठला.

"बस." ते समोरच्या स्टुलावर टेकले. "तुम्ही दोघं इथे हसायचात. मी आलो की थांबायचात."

"तसं काही नाही, साहेब..."

"कशावर हसायचात? सगळं सांग."

खानसामा अडखळत सांगू लागला. बाईसाहेब साहेबांची चाल कशी करून दाखवायच्या, पळी कपाळाला लावून सलाम कसा ठोकायच्या. साहेब मान खाली घालून ऐकत होते. तो भरभर बोलायला लागला, तेव्हा एवढंच म्हणाले,

"हळू सांग. घाई नाही."