दक्षिणेकडची पाल

चेन्निमलैच्या त्या गल्लीत सकाळपासून माग खटखटत असायचे, म्हणून तिरुमूर्तीचं बरं चाललं होतं. मागावर हातपाय गुंतले की त्याच्या जिभेचं चुकचुकणं कमी व्हायचं, उरलेलं खटखटीत बुडून जायचं. आज धाकट्या बहिणीच्या, पूंगोडीच्या, केसांत फुलं माळून लग्न पक्कं करायला वराकडची माणसं आली होती, त्यामुळे घरचे चारही माग बंद. अप्पांनी त्याला मागाच्या खोलीत बसवून दार ओढून घेतलं होतं. तासभर तोंड आवर बाबा, एवढंच म्हणाले होते.

आवर म्हणे! कोइंबतूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव टुरेट असं लिहून दिलं होतं. हे वेड नाही, करणी नाही, तो मुद्दाम करत नाही, आणि दाबलं तर दुपटीनं उसळतं, हेही समजावलं होतं. अप्पांनी तो कागद कपाटात सारला तो कायमचा.

पाऊण तास तिरुमूर्तीनं दात आवळून काढला. घशात टोचायला लागलं, मान आखडली. बाहेर वराची आई पूंगोडीच्या मागे उभी राहून अबोलीचा गजरा उलगडत होती, आणि नेमकं तेव्हाच ते सुटलं. चुक्, चुक्, चुक्.

वराचे थोरले मामा, पळनियप्पन, यांना पंचांगातली पालीची सगळी फळं तोंडपाठ. त्यांनी हात वर करून बहिणीला, वराच्या आईला, थांबवलं.

"दक्षिणेकडून पाल बोलली. गजरा राहू दे, कण्णम्मा."

पाल जुनीच आहे, रोजच बोलते, असं काहीबाही अप्पा हात जोडून सांगत राहिले. पूंगोडीनं मान वर केली नाही. तिचं हे तिसरं स्थळ. मुलगा तिच्या मनात भरला होता, आणि ते भावाला ठाऊक होतं.

माणसं उठू लागल्याचं ऐकून त्याला राहवेना. अपशकुन झालाच नाही, तर लग्न का मोडावं? बिचाऱ्याला वाटलं, खरं सांगितलं की संपलं. तो दार ढकलून बाहेर आला.

"मामा, पाल नव्हती, मी होतो. मला आजार आहे, जीभ आपोआप वाजते. शकुनाचं त्यात काही नाही." बोलता बोलता खांदा उडाला आणि जीभ पुन्हा वाजली.

पळनियप्पननी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ते चिडलेसुद्धा नाहीत. अप्पांकडे वळून अगदी आपुलकीनं म्हणाले, "पालीचा दोष असता तर शांत करून शुक्रवारी परत आलो असतो. रक्तातल्या दोषाला काय करायचं, तुम्हीच सांगा."

वराच्या आईनं गजरा पानात गुंडाळून पिशवीत टाकला.

गाडी गेल्यावर अप्पा ओसरीवर नुसते बसून राहिले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर तिरुमूर्तीला हलकं वाटलं असतं. पूंगोडी रेशमी साडीतच त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. त्याची नक्कल करणाऱ्या पोरांना लहानपणी दगड मारणारी ती हीच.

"अण्णा," ती म्हणाली, "तासभर पाल होऊन राहिला असतास, तर तुझं काय गेलं असतं?"