छपराखालची फट

ताई कुत्र्यांचं वसतिगृह चालवते हे सांगताना तिच्या नवऱ्याचा आवाज जरासा खाली यायचा. लोक बाहेरगावी जाताना आपापली कुत्री तिच्या परसात ठेवून जायचे, आणि परत आले की आमचं बाळ किती वाळलं म्हणून तिलाच ऐकवायचे. ताई ऐकून घ्यायची. बाळ आलं तेव्हा दारातून आत मावत नव्हतं, हे ती मनातच ठेवायची. कुत्र्यांच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा, याबद्दल गल्लीत कुणाचं दुमत नव्हतं. तिचं स्वतःचं तर मुळीच नव्हतं.

परसातली लाकडी घरं तिच्या धाकट्या भावाने केलेली. तो सुतार. घरं जमिनीपासून वीतभर वर, विटांवर टेकवलेली. दार मधोमध नाही, एका कडेला, म्हणजे कुत्रं आत वळून बसलं की वारा अंगावर येत नाही. दाराला जाड रबराचा पडदा. आणि मागच्या भिंतीला, छपराच्या अगदी खाली, दोन बोटं जातील एवढी फट. या फटीवरून बहीणभावाचं दरवर्षी वाजायचं.

"एवढं सगळं बंदिस्त केलंस आणि वर भोक ठेवलंस. उंदरांची सोय का?" ताई विचारायची.

"कुत्रं आत श्वास सोडतं, ताई. ती वाफ बाहेर नको जायला? फट बुजवायची नाही. आणि आत पेंढा घाल, कापड घालू नकोस. कापड ओल धरतं."

"मला शिकवू नकोस. तुला शेंबूड पुसायला मी शिकवलंय."

पण करायची मात्र तो सांगेल तसंच. दर हिवाळ्याला कोरडा पेंढा, फट उघडी. आणि दर हिवाळ्याला परक्यांची कुत्री पेंढ्यात नाकं खुपसून सुखाने घोरायची.

त्या वर्षी भावाच्या छातीचं ऑपरेशन ठरलं. तो एकटा राहणारा, बायको कधीच सोडून गेलेली. त्याचं म्हणून जे काही होतं ते एक कुत्रं. तांबूस रंगाचं, छातीवर पांढरा ठिपका, एका कानाचा तुकडा गेलेला. ताटली चाटून रंधा मारलेल्या फळीसारखी गुळगुळीत करायचा, म्हणून भावाने त्याचं नावच रंधा ठेवलं होतं. इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी तो रंध्याला घेऊन आला. बराच वेळ फाटकापाशी घुटमळला.

"माझं काही झालं तर..." त्याने सुरुवात केली.

"काही होत नाही. आणि याची काळजी सोड. याला मी फुलासारखा ठेवीन."

तिने खरंच तसं ठेवायचं ठरवलं, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

घरात कुत्रं घ्यायचं नाही हा ताईचा स्वतःचा नियम. नवऱ्याला शिंका येतात म्हणून केलेला, आणि इतकी वर्षं इतक्या लोकांना ठणकावून सांगितलेला की आता भावाच्या कुत्र्यासाठी मोडायचा म्हणजे नाक कापून घेण्यासारखं. म्हणून रंधा परसात, कोपऱ्यातल्या घरात. पण थंडी वाढली, सकाळी पाण्याच्या भांड्यांवर बर्फाची पापडी धरायला लागली, तसा तिचा जीव खालीवर व्हायला लागला. बाकीच्यांसारखा यालाही नुसता पेंढा? हा काय भाड्याने राहणारा आहे? तिने पेंढा उपसून टाकला आणि कपाटातून आईची रजई काढली. चौघडी करून आत अंथरली. मग तिची नजर वर गेली. फटीतून गार हवा हाताला लागत होती. भाऊ इस्पितळात, हटकणारं कुणी नाही. तिने एक चिंधी प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि फटीत घट्ट कोंबली. रंधा आत जाऊन रजईवर गोल वळून बसला तेव्हा तिला इतकं बरं वाटलं की नवऱ्याला मुद्दाम बोलावून दाखवलं.

काही दिवसांतच तो खोकायला लागला. ताईने आत हात घातला. छपराच्या आतून पाणी ठिबकत होतं, भिंती ओल्या होत्या आणि आईची रजई पिळून निघेल इतकी भिजलेली, कडांना थंडीने कडक झालेली. त्या ओल्या फडक्यावर तो मुकाट्याने पडून राहिला होता. शेजारच्या लाकडी घरात ठेवलेली एका वकिलाची कुत्री कोरड्या पेंढ्यातून डोकं काढून तिच्याकडे बघत होती.

जनावरांचा डॉक्टर आला. रंध्याच्या छातीला नळी लावून ऐकलं. "फुप्फुसात गेलंय. वय झालंय याचं. औषध देतो, पण वाचेलच असं धरून चालू नका."

ताईने रंध्याला उचलून स्वयंपाकघरात, चुलीजवळ आणलं. नियम गेला खड्ड्यात. नवरा शिंकला आणि खिडकीपाशी जाऊन बसला. त्या शिंकेचाही तिला राग आला नाही, इतकी ती स्वतःवर चिडली होती.

इकडे भावाचं ऑपरेशन पार पडलेलं. तो हळूहळू उठून चालायला लागला होता. नर्स कौतुकाने सांगायची, हा पेशंट सांगायच्या आधी वऱ्हांड्यात फेऱ्या मारतो, विचारलं तर म्हणतो कुत्र्याला फिरवायची तयारी करतोय. रोज त्याचा फोन यायचा, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "रंधा काय म्हणतो?"

"मजेत," ताई म्हणायची. बोलताना तोंडावर पदर धरायची, कारण मागे रंधा खोकत असायचा.

"दाखव ना जरा. व्हिडिओ लाव."

"उद्या."

दोनदा उद्या झाल्यावर तिची बोबडी वळायला लागली. भावाला धक्का बसेल अशी बातमी द्यायची नाही, असं इस्पितळातल्या डॉक्टरने बजावलं होतं. रंधा तर मान उचलत नव्हता. आणि मग तिला वकिलाची कुत्री आठवली. रंग तोच, छातीला पांढरं तसंच. कान तेवढे दोन्ही धड.

"अगं, हे बरं नाही," नवरा म्हणाला.

"तुम्ही फोन धरा. लांबून धरा."

तिने कुत्रीच्या डोक्याला शाल गुंडाळली, कानांसकट, आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात तिला परसात बसवलं.

"हे काय, डोक्याला शाल?" फोनमधून भाऊ हसला.

"थंडी किती आहे! लाड आहेत त्याचे."

भावाने नेहमीसारखं आधी जिभेने टाळूवर टक् केलं, मग शीळ घातली. रंधा झोपेत असला तरी या शिळेला उठून उभा राहायचा. वकिलाच्या कुत्रीने मोठी जांभई दिली आणि दुसरीकडे बघितलं. भावाने पुन्हा शीळ घातली. मग त्याने फोन अगदी डोळ्यांजवळ धरला.

"बरा दिसतोय," तो म्हणाला. "छान ठेवलंयस, ताई."

ताईचा जीव भांड्यात पडला. त्यानंतर त्याने रंध्याबद्दल विचारणंच सोडलं. त्याची खात्री पटली, असं तिने स्वतःला सांगितलं. खोटं बोलल्याची टोचणी होती, पण एका खोट्याने माणसाला झोप लागत असेल तर काय बिघडलं, अशी तिने स्वतःची समजूतही काढली. रात्रंदिवस ती रंध्याला चमच्याने पेज भरवत होती. आणि एका सकाळी त्याने मान उचलली आणि चमच्याऐवजी ताटलीच चाटायला घेतली. ताई चुलीपुढे बसून ढसाढसा रडली.

तिकडे मात्र गाडी उलटी फिरली. नर्स म्हणाली, पेशंट चालत नाही, जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असतो. घरी सोडायची तारीख पुढे गेली. ताईने इस्पितळावर खापर फोडलं. औषधं बदलली असतील, जेवण बेचव असेल.

शेवटी एका दुपारी त्याला घरी आणलं. गाडीतून उतरताना तो निम्मा झालेला दिसला. ताईने मनात बेत केला होता, रंध्याला स्वयंपाकघरात कोंडून ठेवायचं आणि हा बसला की दार उघडायचं. पण भाऊ आत आलाच नाही. परसाच्या पायरीवर बसला. कोपऱ्यातल्या रिकाम्या घराकडे त्याने एकदा बघितलं आणि नजर वळवली.

"ताई," तो म्हणाला, "कुठे पुरलंस ते एकदा दाखव. मी तुला काही बोलणार नाही."

ताईला आधी कळलंच नाही.

"दुसऱ्याच कुत्र्याला शाल गुंडाळून बसवलं होतंस. मला तेव्हाच कळलं. मी म्हटलं, तिला सांगवत नसेल. उगाच विचारून तिला कशाला आणखी..."

आतून दारावर नखं घासल्याचा आवाज आला. नवऱ्याने दार उघडलं असावं. रंधा बाहेर आला, हाडं दिसणारा, पाय फेंगडत, आणि भावाच्या गुडघ्यांवर पुढचे पाय टाकून त्याचं तोंड चाटायला लागला. भाऊ त्याला धरायचंही विसरला. मग त्याचा हात त्या तुटक्या कानावर गेला, आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला, एक हात छातीच्या टाक्यांवर दाबून.

ताईने सगळं सांगितलं. रजई, चिंधी, डॉक्टर, चूल, काही लपवलं नाही.

"फट बुजवलीस?"

"हो."

"आणि आईची रजई?"

"हो रे. दे मला शिव्या. हव्या तेवढ्या दे."

त्याने शिव्या दिल्या नाहीत. त्याने दिल्या असत्या तर तिला बरं झालं असतं.

"फटीचं काही नाही, ताई. मायेने केलंस. चुकलं, पण मग याला वाचवलंसही तूच." तो रंध्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "पण मी तिथे रोज याला पुरत होतो गं. पुढच्या वेळी खरंच मेला तर मेला म्हण. जिवंत असताना मारू नकोस."

फेऱ्या मारणारा हा माणूस कुणामुळे भिंतीकडे तोंड करून पडला होता, ते आता ताईला कुणी समजावून सांगायला नको होतं.

थोड्या वेळाने तो उठला, पट्टा मागून घेतला आणि फाटकापर्यंत निघाला. माणूस दोन पावलांनी थांबायचा, कुत्रंही थांबायचं. एकाला खोकला आला की दुसराही खोकायचा.

ताई परसात गेली. रजई भिजलेली सापडली त्या दिवसानंतर कोपऱ्यातल्या घराजवळ जायचं तिला धाडस झालं नव्हतं, चिंधी अजून फटीतच होती. तिने बोटांनी ओढली, निघेना. मग तिने पकड आणली, भावाचीच, आणि जोर लावून ती काळी, ओली चिंधी बाहेर काढली. फटीतून थंडगार वारा तिच्या तोंडावर आला. मग ती पदर खोचून पेंढा आणायला गेली.